व्हीएस कोड उघडताच मिटतो: काढून पुन्हा बसवण्याआधी काय तपासायचं

फोंड्यात आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपांत फुटलेले स्क्रीन आणि कीबोर्डवर सांडलेला चहा वर्षभर असतो. पण पाऊस सुरू झाला की एक तक्रार हमखास वाढते: "व्हीएस कोड उघडतच नाही." व्हीएस कोड, म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ कोड, हा प्रोग्राम लिहायचा मायक्रोसॉफ्टचा एडिटर. इंजिनिअरिंगची आणि पॉलिटेक्निकची मुलं येतात, बीसीएवाल्या मुली येतात, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग-रोबोटिक्स आल्यापासून अधूनमधून शाळेतले सरही येतात. जवळजवळ प्रत्येकाने येण्याआधी एकच उपाय करून बघितलेला असतो. "सर, सगळा काढला, परत डाउनलोड करून घातला. तरी तसाच."

तसाच राहणार. विंडोजवर हा एडिटर दोन जागी राहतो. प्रोग्राम एकीकडे, आणि तुमची सेटिंग्ज, एक्स्टेंशन्स (एडिटरला वरून लावलेली जोड-सॉफ्टवेअर), कॅश (काम लवकर व्हावं म्हणून साठवलेल्या तात्पुरत्या फाइली), शेवटी उघड्या असलेल्या फाइलींची आठवण हे सगळं दुसरीकडे, तुमच्या यूझर फोल्डरात. अनइन्स्टॉल केल्यावर जातो तो फक्त प्रोग्राम. बिघाड बहुतेक वेळा दुसऱ्या जागी असतो आणि तिला हातही लागलेला नसतो. नवा प्रोग्राम उघडतो, जुनंच सामान उचलतो आणि त्याच जागी अडखळतो. त्यात सेटिंग्ज सिंक, म्हणजे सेटिंग्ज आणि एक्स्टेंशन्स तुमच्या अकाउंटवर जपून ठेवायची सोय, चालू असेल तर हाताने काढलेलं एक्स्टेंशनसुद्धा साइन-इन करताच परत येऊन बसतं. म्हणून पुन्हा बसवणं हा उपाय यादीत आहे, पण बराच खाली.

खालचे हुकूम देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत, सगळ्या लहान अक्षरांत करायचे, आणि आडव्या रेघा दिसतात तेवढ्याच द्यायच्या. स्टार्ट मेन्यूत सीएमडी शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडा, त्यात लिहा. मी विंडोज धरून लिहितोय, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक लॅपटॉप तेच. लिनक्स आणि मॅकचं जिथे वेगळं आहे तिथे सांगेन.

लक्षण कोणतं?

"क्रॅश होतो" एवढ्यावर काही कळत नाही. या एका शब्दात निदान पाच वेगळे आजार येतात.

- डबल-क्लिक केलं, माउसजवळचा गोल क्षणभर फिरला, आणि पुढे काहीच नाही. विंडो आलीच नाही.
- विंडो आली, पण आत सगळं काळं किंवा पांढरं. किंवा अक्षरं तुटकी, चौकोन चौकोन.
- विंडो आली, फाइली दिसल्या, आणि काही सेकंदांत चौकट आली: 'द विंडो टर्मिनेटेड अनएक्स्पेक्टेडली'. खाली 'रीझन' आणि 'कोड' असे दोन तपशील.
- विंडो शाबूत आहे, पण उजवीकडे खाली सूचना येते की एक्स्टेंशन होस्ट बंद पडला. कधी 'पाच मिनिटांत तीन वेळा' असंही लिहिलेलं असतं.
- एरवी ठीक चालतो, एक ठरावीक फोल्डर उघडला की पडतो.

तिसऱ्या प्रकारातली चौकट घाईने बंद करू नका, मोबाइलवर तिचा फोटो काढा. त्यातला आकडा फार कामाचा असतो. रीझन 'ओओएम' आणि कोड -५३६८७०९०४ असेल तर मेमरी पुरली नाही. कोड -१०७३७४१८१९ म्हणजे प्रोग्रामने स्वतःच्या हक्काबाहेरच्या मेमरीला हात लावला. याच्या मागे बऱ्याचदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र काढणारी चिप चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा मध्ये घुसलेलं दुसरं एखादं सॉफ्टवेअर असतं. 'लॉन्च-फेल्ड' असेल तर प्रक्रिया सुरूच होऊ शकली नाही, म्हणजे कोणीतरी दारातच अडवलं. तिथे अँटिव्हायरसकडे आधी बघायचं.

चौथ्या प्रकारात निम्मं निदान झाल्यातच जमा आहे. हा एडिटर इलेक्ट्रॉनवर बांधलेला आहे, म्हणजे पोटात क्रोमियम ब्राउझर (क्रोमचा गाभा) आणि जावास्क्रिप्ट चालवणारं नोड.जेएस. त्यात विंडो काढणारी प्रक्रिया वेगळी, ग्राफिक्सची वेगळी आणि एक्स्टेंशन्स चालवणारी वेगळी. एक्स्टेंशन बिघडलं तर सहसा तेवढा होस्ट पडतो, विंडो उभी राहते. उलट पूर्ण विंडोच गायब होत असेल तर संशय ग्राफिक्स, मेमरी किंवा प्रोग्रामच्या फाइलींवर घ्यावा. सहसा म्हटलं, मेमरी खाऊन सगळ्याला खाली ओढणारं एक्स्टेंशनही असतं.

रीस्टार्ट करा, शट डाउन नव्हे

पहिलं काम टास्क मॅनेजर उघडण्याचं: कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. यादीत व्हिज्युअल स्टुडिओ कोड आधीच बसलेला दिसतो का? दिसला तर निवडून 'एंड टास्क'. हा एडिटर एका वेळी एकच मूळ प्रक्रिया चालवतो. तुम्ही दुसऱ्यांदा क्लिक केलंत की नवी प्रक्रिया जुनीला निरोप देते, "तूच विंडो उघड", आणि स्वतः निघून जाते. जुनी अर्धमेली होऊन लटकलेली असेल तर निरोप घ्यायला कोणी नसतं, आणि आपल्याला वाटतं एडिटर क्रॅश झाला. आधी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडलेली प्रत मागे चालू राहिली असेल तरीही असाच घोळ होतो. रोजच्या कामाला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायची सवय असेल तर ती सोडा.

मग लॅपटॉप रीस्टार्ट करा. "रोज बंद करतो की" असं प्रत्येक जण सांगतो. पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर झोपवून डिस्कवर ठेवले जातात आणि सकाळी तेच उठवले जातात. बिघडलेला ड्रायव्हर बिघडलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये सगळं कोरं सुरू होतं.

तेवढ्यात सी ड्राइव्हवर जागा किती उरली तेही बघा. ड्राइव्ह लाल झालेला असेल तर आधी डाउनलोड्स आणि रिसायकल बिन रिकामं करा. एडिटर उघडताना कॅश, लॉग आणि बॅकअप लिहितो. लिहायला जागाच नसेल तर तो कुठे पडेल सांगता येत नाही. शिवाय रॅम कमी पडल्यावर विंडोज ज्या पेज फाइलचा आधार घेतं, तीही याच ड्राइव्हवर फुगते. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर क्रोमची वीस टॅब, एक अँड्रॉइड एम्युलेटर आणि भरलेला सी ड्राइव्ह असं त्रिकूट जमलं की वरचा 'ओओएम' ठरलेलाच.

विंडोज जुनं तर नाही?

मोठ्या भावाचा लॅपटॉप धाकट्याकडे आला असेल तर हे आधी तपासावं. विंडोज ७वर चालणारी शेवटची मालिका १.७०ची; ऑगस्ट २०२२च्या १.७१पासून तो आधार गेला. विंडोज ८ आणि ८.१चा १.८०पासून गेला, आणि ३२-बिट विंडोजचा ऑक्टोबर २०२३च्या १.८४पासून. अशा मशीनवर नवी आवृत्ती टाकली तर ती पडणारच, कितीही वेळा टाका. उबुंटू १८.०४वाल्यांचंही तसंच: त्यात ग्लिबसी (लिनक्सवरचे प्रोग्राम ज्यावर उभे असतात ती मूळ लायब्ररी) २.२७ आहे, एडिटरला आता किमान २.२८ लागतं. इथे दुरुस्तीला काही नाही. सिस्टिम बदला किंवा हलका एडिटर वापरा. नोटपॅड++वर पायथन शिकता येतं.

याच्या उलट एक गोष्ट. आयकॉनवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी. तिथे 'अमुक विंडोजसाठी चालवा' अशी खूण कोणी करून ठेवली असेल तर काढून टाका. कुठल्यातरी व्हिडिओत बघून ही खूण केलेली असते आणि तीच एडिटरला पाडते.

रिकामी विंडो उघडून बघा

लिहा: कोड -एन

एडिटर उघडताना मागच्या वेळचा फोल्डर आणि सगळ्या टॅब परत मांडतो. त्यातच काही राक्षसी असेल, समजा दोन जीबीची सीएसव्ही फाइल किंवा चुकून उघडलेला पूर्ण सी ड्राइव्ह, तर तो दर वेळी तेच उचलायला जातो आणि दर वेळी पडतो. या हुकुमाने जुनं काही न मांडता रिकामी विंडो येते. ती नीट चालली तर एडिटर निरोगी आहे, दोष त्या फोल्डरात. मग फाइल मेन्यूतून त्याच्या आतला छोटा भाग उघडा. क्रॅशच्या चौकटीत 'एडिटर परत मांडू नका' अशा अर्थाची खूण येते, तीही याचसाठी.

एक्स्टेंशन्स

लिहा: कोड --डिसेबल-एक्स्टेंशन्स

बाहेरून टाकलेली सगळी एक्स्टेंशन्स तेवढ्यापुरती बाजूला ठेवून एडिटर उघडतो. काही पुसलं जात नाही. उघडला आणि टिकला, तर चोर यांच्यातलाच एक.

आता कोणता ते शोधायला एकेक बंद करत बसू नका. कंट्रोल, शिफ्ट, पी दाबून कमांड पॅलेट उघडा आणि 'एक्स्टेंशन बायसेक्ट' शोधा. तो निम्मी एक्स्टेंशन्स बंद करतो आणि विचारतो, आता ठीक आहे का? तुमच्या उत्तरावरून उरलेल्यांतली निम्मी, मग त्यांतली निम्मी. बत्तीस असतील तरी पाच-सहा फेऱ्यांत एकाचं नाव हाती येतं. ही सोय असून लोकांना माहीत नसते याचं मला दर वेळी नवल वाटतं.

विंडो टिकतच नसेल तर बायसेक्ट चालवणार कुठे? मग कमांड प्रॉम्प्टवरच राहा. 'कोड --लिस्ट-एक्स्टेंशन्स' लिहिलं की विंडो न उघडता यादी छापून येते. संशय असेल ते 'कोड --अनइन्स्टॉल-एक्स्टेंशन' आणि पुढे यादीतलं त्याचं पूर्ण नाव असं लिहून काढा. संशय कोणावर घ्यायचा? ज्या आठवड्यात दुखणं सुरू झालं त्या आठवड्यात आलेल्यावर किंवा अपडेट झालेल्यावर. सी ड्राइव्हवर यूझर्स, तुमचं नाव, .व्हीएसकोड, एक्स्टेंशन्स असं आत जा आणि फोल्डर तारखेप्रमाणे लावा. सगळ्यात वरचे दोन-तीन बघितले की पुरतं.

मुलांच्या लॅपटॉपवर एक प्रकार फार दिसतो. एकाच कामाची तीन-तीन एक्स्टेंशन्स: तीन एआय मदतनीस, दोन सी++ची, चार आयकॉनची. सगळी एकदम उठतात आणि प्रत्येक जण पूर्ण फोल्डर वाचायला लागतो. यातलं वाईट असं एकही नसतं, गर्दी वाईट असते. थीम वगळता जे महिनाभर वापरलं नाही ते काढा.

ग्राफिक्स

लिहा: कोड --डिसेबल-जीपीयू

काळ्या-पांढऱ्या विंडोवर आणि त्या -१०७३७४१८१९वर मी थेट हाच हुकूम आधी चालवतो. एडिटर अक्षरंसुद्धा ग्राफिक्स चिपकडून काढून घेतो, जसा क्रोम काढतो. ड्रायव्हर जुना असेल, किंवा विंडोज अपडेटने मुकाट्याने बदलला असेल, तर पहिलंच चित्र काढताना सगळं कोसळतं. या हुकुमाने चिपला वगळून काम प्रोसेसरवर येतं. स्क्रोल किंचित जड वाटेल, एवढंच.

उघडला का? मग रोगही कळला आणि तात्पुरता इलाजही. कायम तसंच ठेवायचं तर कमांड पॅलेटमध्ये 'कॉन्फिगर रनटाइम आर्ग्युमेंट्स' शोधा. एआरजीव्ही.जेसन नावाची फाइल उघडते. तिच्यात 'डिसेबल-हार्डवेअर-ॲक्सेलरेशन' ही ओळ बहुधा आधीच लिहिलेली असते, फक्त पुढे दोन तिरक्या रेघा देऊन झोपवलेली. त्या दोन रेघा पुसा, बाकी स्वल्पविरामालाही हात लावू नका, सेव्ह करा, एडिटर बंद करून उघडा.

पण हे कुबडीवर चालणं झालं. ज्या लॅपटॉपवर हे लागतं तिथे आज ना उद्या ब्राउझर किंवा ऑनलाइन लेक्चरही अडणार. म्हणून ड्रायव्हर नीट करा: लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकून, नाहीतर इंटेल, एएमडी किंवा एनव्हीडियाच्या स्वतःच्या पानावरून. 'तुमचे ४७ ड्रायव्हर जुने आहेत' म्हणून घाबरवणारी फुकट सॉफ्टवेअर टाकू नका. ती साफ करायला लागणारा वेळ मूळ दुरुस्तीपेक्षा जास्त. नवा ड्रायव्हर आल्यावरच दुखणं सुरू झालं असेल तर डिव्हाइस मॅनेजरात 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या गेमिंग लॅपटॉपवर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन या एडिटरला 'पॉवर सेव्हिंग'वर ठेवून बघा. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एफपीएस दाखवणारी किंवा आवाज 'सुधारणारी' सॉफ्टवेअर तात्पुरती बंद करा. ती दुसऱ्यांच्या प्रक्रियेत शिरून काम करतात आणि क्रोमियमवाल्या प्रोग्रामांना ते सोसत नाही.

ड्रायव्हरच आहे की दुसरं काही, याचा पुरावा हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्ज, मग ॲप्लिकेशन. क्रॅशच्या वेळेची १००० नंबरची लाल नोंद शोधा आणि 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' वाचा. नाव 'आयजी' अक्षरांनी सुरू होत असेल तर बहुधा इंटेलचा ड्रायव्हर, 'एनव्ही'ने असेल तर एनव्हीडियाचा, 'एटीआय' किंवा 'एएमडी'ने असेल तर एएमडीचा. अँटिव्हायरसच्या फाइलीचं नाव आलं तर प्रश्नच मिटला. एनटीडीएलएल, म्हणजे विंडोजची स्वतःची फाइल, आलं तर त्यातून काही निष्कर्ष काढू नका, ते सगळ्यांच्याच वाटेवर असतं.

अर्धवट अपडेट, अँटिव्हायरस, आणि आपली वीज

कालपर्यंत चालत होता, रात्री अपडेट झाला, सकाळी आयकॉन पांढरा. शॉर्टकट म्हणतो फाइल सापडत नाही. म्हणजे अपडेट मध्येच तुटला किंवा अँटिव्हायरसने मुख्य फाइल उचलून कोंडून ठेवली. विंडोज सिक्युरिटीत 'प्रोटेक्शन हिस्टरी' बघा. दुसरा अँटिव्हायरस असेल तर त्यात क्वारंटाइन. तिथे एडिटरची फाइल असेल आणि तुम्ही तो अधिकृत संकेतस्थळावरूनच घेतला असेल, तर ती सोडवा आणि तो फोल्डर अपवादांत घाला. पेन ड्राइव्हवरून मित्राने दिलेली प्रत असेल तर सोडवू नका, पुसून टाका.

या प्रकारात मात्र वरून पुन्हा बसवणं हाच बरोबर उपाय आहे. आधी काढायचीही गरज नाही. नवा इन्स्टॉलर तसाच चालवा, फाइली भरून निघतात.

आता विजेचं. आपल्याकडे जून-जुलैत सत्तरी-डिचोलीच्या बाजूला झाड पडलं की लाईट जाते, येते, पुन्हा जाते. ज्याची बॅटरी मेलेली आहे, म्हणजे चार्जर काढला की लॅपटॉप बंद, त्याच्यासाठी ती प्रत्येक डुलकी म्हणजे चालू मशीनची वायर उपटणं. त्या क्षणी एडिटर काही लिहीत असेल तर ती फाइल अर्धी राहते. कधी फाइलीची लांबी बरोबर दिसते, पण उघडली तर आत नुसती शून्य बाइटं. सेटिंग्जची फाइल अशी झाली तर एडिटर कुरकुर करतो. कॅश किंवा स्थितीची नोंद अशी झाली तर उघडताना घोटाळे होतात. जे लॅपटॉप पावसाळ्यात 'अचानक' बिघडले म्हणून येतात त्यांची बॅटरी मी आधी बघतो. तीच बदलली नाही तर खालची दुरुस्ती करून पुढच्या पावसात तोच लॅपटॉप परत येतो.

कॅश आणि यूझर फोल्डर: इथे हळू

इथवर सगळं बिनधोक होतं. इथून पुढे फाइली हलवायच्या आहेत, म्हणून आधी एक प्रत.

विंडोजची की आणि आर दाबा, %ॲपडेटा% लिहा, एंटर. 'कोड' नावाचा फोल्डर दिसेल. अख्खा पेन ड्राइव्हवर उतरवा. हे सांगायचं कारण त्यातला 'बॅकअप्स' फोल्डर. सेव्ह न करता ठेवलेल्या फाइली एडिटर विसरत नाही, त्या तिथे साठवतो. फोल्डरांची नावं अगम्य असतात, पण आतली फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्या ओळीत मूळ फाइलीचा पत्ता आणि खाली तुमचा मजकूर दिसतो. 'यूझर' फोल्डरात 'हिस्टरी' आहे, तिथे सेव्ह केलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती असतात. 'पूर्ण कोड फोल्डर डिलीट करा' असा सल्ला सर्रास मिळतो. तो मानून प्रोजेक्टच्या सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं घालवलेली मुलं बघितली आहेत, आणि रिसायकल बिनही रिकामं केल्यावर मग फार काही करता येत नाही.

प्रत घेतली? आता आधी चाचणी:

कोड --यूझर-डेटा-डिर सी:\चाचणी

म्हणजे जुनं सामान न बघता कोऱ्या फोल्डरातून उघड. याने उघडला आणि जुन्या फोल्डराने पडतो, तर दोष नक्की जुन्या फोल्डरात आहे. याने देखील पडला तर त्या फोल्डराला छळण्यात अर्थ नाही. पुढच्या भागाकडे वळा.

दोष सापडला असेल तर एडिटर बंद असताना 'कोड'मधले हे फोल्डर पुसा: 'कॅश', 'कॅश्ड डेटा', 'कोड कॅश', 'जीपीयू कॅश'. हे सगळं एडिटर पुन्हा बनवतो. ड्रायव्हर बदलल्यावर आलेली काळी विंडो नुसता 'जीपीयू कॅश' पुसून गेल्याचं बऱ्याचदा बघितलं आहे. तरी पडत असेल तर 'कोड' फोल्डराचं नाव बदलून 'कोड-जुना' करा, एडिटर उघडा म्हणजे नवा फोल्डर बनेल, मग एडिटर बंद करून जुन्यातल्या 'यूझर'मधून सेटिंग्ज, कीबाइंडिंग्ज आणि स्निपेट्स तेवढे परत आणा. एकेक आणून मध्ये उघडून बघा. सगळं एकदम आणलंत तर बिघाडही बरोबर येईल. सिंक चालू करायचं ते सगळ्यात शेवटी.

मॅकवर हाच फोल्डर लायब्ररीत ॲप्लिकेशन सपोर्टखाली असतो, लिनक्सवर होममध्ये .कॉन्फिगखाली. मॅकवाल्यांनी एवढं बघावं की ॲप डाउनलोड्समधून चालवत नाही ना. ते ॲप्लिकेशन्समध्ये हलवा, नाहीतर अपडेटही अडतात.

हे सगळं करून झालं असेल तर आता खुशाल एडिटर अनइन्स्टॉल करून नवा बसवा. बसवताना 'यूझर इन्स्टॉलर' घ्या. त्याला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागत नाही आणि पुढचे अपडेट सुरळीत होतात.

इथे थांबा

कोऱ्या फोल्डरातून, एक्स्टेंशनशिवाय, ग्राफिक्सशिवाय, नव्याने बसवूनही पडत असेल तर दुखणं एडिटरचं नाही. मग बाकीचं मशीन कसं वागतं ते आठवा. क्रोमची टॅब मध्येच मरतात का? निळा स्क्रीन येतो का? झिप उघडताना फाइल खराब असल्याचं सांगतो का? असं असेल तर रॅम किंवा डिस्क. घरी दोन गोष्टी करता येतात: स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक शोधून रात्री चालवून ठेवणं, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची तब्येत बघणं. 'गुड' असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएफसी /स्कॅननाउ' चालवा, विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासून होतात.

डिस्कपुढे 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं तर तिथेच थांबा. चेकडिस्क चालवू नका, फॉरमॅट करू नका, विंडोज नव्याने टाकू नका. मरत्या डिस्कला ती शेवटची धावपळ झेपत नाही. महत्त्वाचं ते उतरवा आणि मशीन बंद करून दुकानात आणा. टचपॅड वर उचललेला दिसत असेल किंवा खालचं झाकण फुगलं असेल तर बॅटरी फुगली आहे; चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, उघडायचा प्रयत्न करू नका. मेमरी चाचणीत चूक निघाली तरी आणा. किनाऱ्याकडच्या खाऱ्या दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर थर बसतो, कधी नुसतं पुसून पुन्हा बसवून भागतं आणि नवी रॅम घ्यावी लागत नाही. बायोस अपडेटही घरी करू नका, निदान लाईट जाणाऱ्या दिवसांत तरी.

ऑफिसचा लॅपटॉप असेल, मग ते वेर्ण्याचं असो की पर्वरीचं, तर एक्स्टेंशन्सच्या टप्प्यानंतर थांबून तुमच्या आयटीवाल्यांना कळवा. तिथे अँटिव्हायरसचे अपवाद आणि ड्रायव्हर त्यांच्या ताब्यात असतात.

दुकानात येताना चार्जर आणा, कारण निम्मे लोक तो घरी ठेवून येतात. चौकटीचा फोटो आणा, वरचे कोणते हुकूम चालवले आणि प्रत्येकाने काय झालं ते कागदावर लिहून आणा. आणि 'कोड' फोल्डरातला 'लॉग्ज' पुसू नका. त्यात तारखेप्रमाणे फोल्डर असतात, शेवटच्यातली मेन.लॉग ही फाइल मी सगळ्यात आधी उघडतो.